गोळीने रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून यजमानांनी गोळीच बंद केली

सांजवात

माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी नियमित तपासणीत त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २६४, एचडीएल म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल ४४, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातील मेद १९० आणि एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल १८२ निघाले. डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू केली, आहाराच्या सूचना दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्यायला सांगितले. त्या तपासणीत एलडीएल ९८ आले आणि आम्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या टेबलाचा खण आवरताना गोळ्यांची पट्टी हाती लागली. पंधरा गोळ्यांच्या त्या पट्टीतून चारच गोळ्या काढलेल्या होत्या आणि तिच्याखाली तीन पट्ट्या जशाच्या तशा, रबरबँडही न काढलेल्या. बोटांवर हिशेब केला तेव्हा लक्षात आले की चांगला रिपोर्ट ज्या दिवशी आला, त्याच दिवशी गोळी थांबली होती. विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "नॉर्मल आले ना सगळे? मग आता कशाला?" त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

तेव्हापासून घरात विचित्र ताण आहे. ते जेवायला बसले की माझी नजर त्यांच्या ताटात असते, आणि ती तिथे आहे हे त्यांना मान वर न करताही कळते. आता ते बाहेरून खाऊन येतात आणि भूक नाही असे सांगतात. औषध कोणते घ्यावे हे सांगायला डॉक्टर आहेत. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या माणसाला काहीही दुखत-खुपत नाही, आपण आजारी आहोत असे ज्याला मुळी वाटतच नाही, त्याला आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

मावळता_वाटसरू

मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून पहिला प्रतिसाद मीच देतो. मला उच्च कोलेस्टेरॉलचे निदान होऊन चौदा वर्षे झाली. त्यांतील पहिली तीन वर्षे मीही गोळी घेतली, सोडली, पुन्हा घेतली आणि पुन्हा सोडली.

ज्याचा गुडघा दुखतो तो गोळी विसरत नाही, कारण गुडघाच त्याला आठवण करून देतो. कोलेस्टेरॉल अशी आठवण देत नाही. मग ते काम घरातले कोणीतरी अंगावर घेते आणि हळूहळू रुग्णाच्या मनात आजाराच्या जागी ते माणूसच येऊन बसते. टाळायचा असतो आजार, टाळली जाते बायको. मी बाहेर खाऊन येऊ लागलो होतो तो भुकेपोटी किंवा चवीपोटी नव्हे. ज्या टेबलापाशी कोणी माझे घास मोजत नाही अशा टेबलापाशी मला बसायचे होते, एवढेच.

माझ्या पत्नीने एके दिवशी विचारणेच बंद केले. पहिले दोन आठवडे मला वाटले की ती रागावली आहे. नंतर तिने एक करार मांडला. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पट्टी तिच्यासमोर ठेवायची, उरलेल्या गोळ्या दोघांनी मोजायच्या आणि त्यानंतर महिनाभर तिने त्या विषयाचा शब्दही काढायचा नाही. पहिल्या महिन्यात नऊ गोळ्या जास्त उरल्या. ती काहीच बोलली नाही, फक्त तो आकडा कॅलेंडरवर लिहिला. पुढच्या महिन्यात तीन उरल्या. माझ्यासाठी वेगळे शिजवणेही तिने थांबवले आणि सर्वांचा स्वयंपाक एकच केला. घरातील एकाच माणसाचे ताट निराळे असले की जेवताना रोज त्याला आपल्या आजाराची ओळख नव्याने करून दिल्यासारखे होते.

दवबिंदू

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे आणि औषधे देण्याच्या खिडकीमागे अठरा वर्षे उभी आहे. "रिपोर्ट चांगला आला, आता गोळी नको" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला मी हट्ट म्हणत नाही. ते अगदी स्वाभाविक तर्काने आलेले वाक्य आहे. जंतुसंसर्गावरची गोळी आपण पाच दिवस घेतो, संसर्ग संपतो, गोळीही संपते. तुमच्या यजमानांची ॲटोर्व्हास्टॅटिन ज्या गटातली आहे, त्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांचे काम तसे नाही, आणि हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. स्टॅटिन यकृतातील त्या निर्मितीचे एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) रोखते. कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात. गोळी थांबली की निर्मिती पूर्ववत होते आणि काही आठवड्यांतच आकडा जवळपास मूळ जागी परततो. म्हणजे ९८ हा गोळी चालू असतानाचा आकडा होता. छत्री उघडल्यावर अंग कोरडे राहिले, याचा अर्थ पाऊस थांबला असा होत नाही.

सांजवात, हे तुम्ही त्यांना समजावून सांगू नका, असे मी सुचवेन. तुमच्या तोंडून तो भांडणाचा पुढचा मुद्दा ठरेल. त्याऐवजी डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्यांच्यासोबत जा, पण तिथे तक्रारदार म्हणून बसू नका. "मी चार महिने गोळी घेतलेली नाही" हे वाक्य त्यांनी स्वतः उच्चारायला हवे. ते उच्चारले गेले नाही तर डॉक्टर नव्या रिपोर्टमधील वाढलेला आकडा पाहून गोळीचा डोस वाढवतील, आणि ती चूक कागदावर कुठेच दिसणार नाही.

वेळेबद्दल एक छोटी गोष्ट. सिमव्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्या रात्री घ्यायला सांगतात. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात अधिक काळ टिकतात, त्यामुळे त्या दिवसातील कोणत्याही एका ठरावीक वेळी घेतल्या तरी चालतात. रात्रीची गोळी विसरत असेल, तर ती सकाळच्या दात घासण्याला जोडता येईल का, हे विचारून घ्या.

सांजवात

दोघांचेही मनापासून आभार. टाळायचा असतो आजार, टाळली जाते बायको, हे वाचून मी बराच वेळ पडद्याकडे नुसतीच बघत बसले.

काल मी काहीही न विचारता त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, जी या सात महिन्यांत मला ठाऊक नव्हती. गोळी सुरू असताना त्यांच्या पोटऱ्या दुखत असत. त्यांनी इंटरनेटवर वाचले होते की या गोळ्यांनी स्नायू खराब होतात. मला सांगितले असते तर मी लगेच डॉक्टरांकडे ओढत नेले असते, म्हणून ते गप्प राहिले. हे दुखणे खरे मानायचे की सबब मानायची, हे मला कळत नाही.

अनुस्वार

ते खरेच माना. कारण कोणतेही असले तरी दुखणे दुखणेच असते.

स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात आणि अगदी क्वचित स्नायूंचे गंभीर नुकसानही होते. तीव्र वेदना, कमालीचा अशक्तपणा किंवा लघवीचा गडद तपकिरी रंग दिसला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तिथे चर्चेला जागा नाही. परंतु सौम्य दुखण्याबाबत २०२० मध्ये ब्रिटनमधील एका लहानशा पण चतुर अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते तुमच्या यजमानांना कदाचित रोचक वाटतील. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बाटल्या देण्यात आल्या. काही महिने बाटलीत स्टॅटिन होते, काही महिने हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आणि काही महिने बाटली रिकामी. प्रत्येकाने रोज आपल्या त्रासाला शून्य ते शंभर यांमध्ये गुण द्यायचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि निष्क्रिय गोळीच्या महिन्यांत १५.४. त्रास खरोखरच वाढत होता, पण त्यातील बहुतेक भाग गोळी घेण्याच्या कृतीतून आणि तिच्याविषयीच्या धास्तीतून येत होता, औषधातून नव्हे. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांच्यापैकी निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले.

यावरून "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे मात्र चुकूनही म्हणू नका. ते वाक्य मी माझ्या बहिणीला म्हणालो होतो आणि त्याची भरपाई करायला मला सहा महिने लागले. दुखणे किती आणि कधी होते हे त्यांनी स्वतःच दोन-तीन आठवडे वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. डोस कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे, दिवसाआड गोळी देणे किंवा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करणारे इझेटिमाइब जोडणे, असे बरेच मार्ग डॉक्टरांपाशी असतात. मुकाट्याने सोडून देणे हा त्यांतला एकच मार्ग असा आहे की ज्यात डॉक्टरांना काहीच करता येत नाही.

काटेसावर

सर्वांचा सूर गोळीच्या बाजूने लागला आहे, म्हणून विरोधी मत नोंदवतो. आयुष्यभर रसायन घेण्याआधी आहार आणि व्यायाम यांना खरी संधी दिली जाते का? माझ्या पाहण्यात तिशीतल्या धडधाकट लोकांनासुद्धा एका रिपोर्टवरून गोळी सुरू झाली आहे. घरच्यांनी गोळीचा आग्रह धरण्यापेक्षा सोबत चालायला जावे.

दवबिंदू

काटेसावर, तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. केवळ एलडीएलच्या आकड्यावरून निर्णय होऊ नये. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि घराण्यातील हृदयविकार या सर्वांची गोळाबेरीज करून धोका ठरवावा. कमी धोक्याच्या तरुण माणसाला आधी काही महिने आहार-व्यायामाचा अवधी देणे पुष्कळदा योग्यच असते. थायरॉइड मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल चढते, तेव्हा ती तपासणी आधी झालेली बरी.

पण आहाराकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. लोणी, साय, चरबीयुक्त मांस, पामतेल आणि खोबरेल तेल यांतील संतृप्त मेद कमी करून त्याजागी असंतृप्त मेदाची तेले आणणे, हा आहारातील सर्वांत परिणामकारक बदल होय. डाळी, ओट्स, जव आणि फळे यांतील विद्राव्य तंतू रोज ५ ते १० ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल साधारण पाच टक्क्यांनी उतरते. चालण्याने वजन, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स सुधारतात, एलडीएल मात्र फारसे हलत नाही. या सगळ्याला मोल आहेच. परंतु १८२ वरून १०० च्या खाली जायचे म्हणजे जवळपास निम्म्याने उतरायचे, आणि तेवढे बहुतेकांना ताटाच्या बळावर जमत नाही. हे आधी सांगितले नाही तर मनापासून पथ्य पाळणारा माणूस तीन महिन्यांनी रिपोर्ट पाहून स्वतःलाच दोषी ठरवतो, आणि घरचेही त्याला दोषी ठरवतात.

आणि रसायनाबद्दल सांगायचे तर पहिले स्टॅटिन सापडले ते बुरशीत. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सहा हजारांवर सूक्ष्मजीव चाळून ते शोधले. म्हणून ते निरुपद्रवी ठरते असे नाही, पण कारखान्यात जन्मले म्हणून वाईट, हा निकषही लागू होत नाही.

काटेसावर

बुरशीची गोष्ट मला माहीत नव्हती. चालायला सोबत जाण्याचा मुद्दा मात्र मी मागे घेणार नाही.

पाऊलवाट

घराण्यातील हृदयविकाराचा उल्लेख निघाला आहे, म्हणून लिहिते. माझे बाबा अंगाने सडपातळ, जन्मात धूम्रपान न केलेले आणि जिभेवर ताबा असलेले गृहस्थ. त्यांचे एलडीएल २४० निघाले तेव्हा आम्ही सगळे प्रयोगशाळेवर संशय घेत बसलो. पुढे एका डॉक्टरांनी त्यांना पायमोजे काढायला लावले आणि टाचेच्या मागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा) अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून पाहिली. ती दोरीसारखी सरळ असायला हवी, ती मध्येच जाड आणि गाठाळ होती. बाबा वर्षानुवर्षे म्हणत आले होते की बूट चावतात म्हणून तिथे घट्टा पडला आहे. तो घट्टा म्हणजे शिरेत साचलेले कोलेस्टेरॉल होते.

याला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. साधारण दर २५० माणसांमागे एकाला तो असतो आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. अशा रुग्णांच्या पेशींचा अभ्यास करतानाच मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना एलडीएलचा रिसेप्टर गवसला आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या घरात त्यातून एवढे झाले की मी आणि माझा भाऊ दोघांनी रक्त तपासून घेतले. भावाचे व्यवस्थित होते, माझे २११. तोवर बाबांच्या गोळ्यांवर देखरेख करणारी मी, त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर गोळी घेणारी झाले.

सांजवात, औषधाविना एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर या आजाराची शंका घेतात. तुमच्या यजमानांचा आकडा त्याच्या किंचित खाली आहे, म्हणून त्यांना हेच आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांच्या आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का? पुरुषांमध्ये ५५ आणि स्त्रियांमध्ये ६५ वर्षांच्या आत झालेला विकार डॉक्टर विशेष गंभीरपणे घेतात.

सांजवात

पाऊलवाट, तुमचा प्रश्न वाचून मी उठून कागदपत्रांची फाइल काढली. माझे मोठे दीर ४७ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्याला नऊ वर्षे झाली. तपासणीच्या पहिल्या दिवशी यजमानांनी भरलेल्या अर्जाची प्रत फाइलमध्ये आहे. त्यात "कुटुंबात कोणाला हृदयविकार?" या प्रश्नापुढे त्यांच्या नेहमीच्या टापटीप अक्षरात "नाही" असे लिहिले आहे.

अर्ज त्यांच्यासमोर ठेवायचे मी दोनदा ठरवले आणि दोनदा परत फाइलमध्ये घातला.

मावळता_वाटसरू

तो कागद पुरावा म्हणून समोर ठेवू नका. ज्याने तिथे "नाही" लिहिले तो बेफिकीर माणूस नसावा. मला गोळी गिळणे कधीच अवघड नव्हते. रोज सकाळी "मलाही होऊ शकते" हे गिळावे लागे, ते अवघड होते. दिरांविषयी बोला, कोलेस्टेरॉलविषयी नको.

अनुस्वार

वाटसरूंशी सहमत आहे. पण ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे धोक्याचे गणित बदलते. यजमानांची तयारी असेल तर लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातील एक कण, याच्या तपासणीविषयीही विचारावे. तिचा आकडा मुख्यतः आनुवंशिक असतो आणि आयुष्यभर फारसा बदलत नाही, म्हणून ती बहुधा एकदाच करावी लागते. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत ती नसते, वेगळी सांगावी लागते.

सांजवात

अकरा आठवड्यांनी धाग्यावर परत येत आहे. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

दिरांच्या स्मृतिदिनाच्या संध्याकाळी आम्ही त्यांचे जुने फोटो काढले आणि त्याच ओघात यजमान बोलले. भाऊ गेला तेव्हा त्याच्या खिशात औषधांची चिठ्ठी होती आणि औषधे घेतलेली नव्हती, हे त्यांना नऊ वर्षे ठाऊक होते, मला नव्हते. अर्जाचा विषय मी काढला नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांसमोर त्यांनीच सांगितले की गोळी बंद आहे, पोटऱ्या दुखत होत्या आणि भाऊ ४७ व्या वर्षी गेला. मी शेजारी बसून होते आणि एकदाही मध्ये बोलले नाही, यावर माझा स्वतःचाही विश्वास बसत नाही.

डॉक्टरांनी स्नायूंची आणि थायरॉइडची तपासणी केली, दोन्ही ठीक होत्या. गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिली. ती ते सकाळी घेतात. पोटऱ्या कधीमधी दुखतात आणि ते तारखेसह वहीत लिहितात. एका नोंदीपुढे त्यांनीच "काल जिने फार चढलो" असे कंसात लिहिले आहे. पहिल्या तारखेचा करार आम्ही जसाच्या तसा उचलला. या महिन्यात दोन गोळ्या जास्त उरल्या. नवे एलडीएल ९१ आले आहे. हा आकडा आणखी खाली हवा असे डॉक्टरांचे म्हणणे आहे, त्यामुळे इझेटिमाइब जोडण्याचा विचार चालू आहे. काटेसावर यांना कळवते की आम्ही रात्री चालायला जातो, आणि तेव्हा या विषयावर बोलायचे नाही असे ठरले आहे.

लायपोप्रोटीन (ए) मात्र बरेच वाढलेले निघाले. स्टॅटिनने ते उतरत नाही, त्यामुळे एलडीएलबाबत ढिलाई परवडणार नाही असे डॉक्टर म्हणाले. आमच्या मुलाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. राहिली पुतणी. ती आता २४ वर्षांची आहे आणि जाऊबाई त्या प्रसंगानंतर दवाखान्याचे नावही काढू देत नाहीत. मी फोन करते म्हटले तर यजमान नको म्हणाले, आणि परवा रात्री त्यांनी स्वतःच वहिनींना मोठा मेसेज लिहिला. तीनदा खोडून पुन्हा लिहिताना मी पाहिले. मेसेज वाचला गेल्याची खूण आली आहे, उत्तर अजून आलेले नाही.